तिळाएवढा आरसा

“नाही ग पोरी. हलतंय अजून,” अबाह म्हणाले. पण डोळ्यांवरची चौकट काही त्यांनी उतरवली नाही.

“हलतंय म्हणजे कसं?” रोहायाने विचारलं.

“पाण्यात तोंड बघावं तसं. थांब, जराशानं स्थिर होतंय का बघू दे.”

ती समोर बसून राहिली. सकाळी फेरीबोटीच्या गर्दीत तिच्या चष्म्याची दांडी मोडली होती. पिशवीतला लाल दोरा गुंडाळून तिने वेळ मारून नेली होती, आणि चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. अबाहंना तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही. आधीच त्यांच्या जिवाला घोर थोडे नव्हते.

बऱ्याच वेळाने त्यांनी चौकट काढली आणि डोळे पुसले. “उजेड टोचतो जरा. पुढच्या महिन्यात आण परत. जमेल बहुतेक.”

अबाह, म्हणजे तिचे वडील, क्वाला मुडाच्या किनाऱ्यावर होड्या बांधायचे. फटींत भरायचा चुना एकदा डोळ्यांत उडाला आणि बुबुळांवर कायमची साय धरली. उजव्या डोळ्यात तेवढी एक बारीक स्वच्छ फट उरली, पण नुसत्या डोळ्याला उजेड-अंधारापलीकडे काही कळेना. रोहाया पेनांगला इंजिनियर झाली, आणि त्या फटीतून उजेड आत सोडायचं तिने मनावर घेतलं. चौकटीवरचा कॅमेरा समोरचं टिपायचा आणि तिळाएवढा एक आरसा झुलत झुलत ते चित्र रेघेरेघेने थेट डोळ्याच्या आत काढायचा.

प्रयोगशाळेत आरसा शहाण्यासारखा वागायचा. ती स्वतः चौकट लावून बघायची, चित्र लख्ख. घरी आणली की अबाहंचं ठरलेलं, हलतंय. शेवटी तिने दोष प्रवासावर ठेवला. आरसा झुलतो त्या बिजागऱ्या केसाहून बारीक. बसच्या धक्क्यांनी त्या किंचित वाकत असणार. तिच्या धडधाकट डोळ्याला तेवढा फरक चालून जाईल, त्या फटीला कसा चालेल?

मग काय, ती हात धुऊन बिजागऱ्यांच्या मागे लागली. त्यांचे कोपरे गोल केले, जाडी बदलली. आरसा फरशीवर टाकला, तापवला, गारठवला, दिवसचे दिवस हादरवला. पठ्ठ्या हूं की चूं करेना.

“भूकंपात टिकेल असा आरसा केलास,” तिचा साहेब तेओ म्हणायचा. “फक्त तुझ्या गावची बस त्याला सोसत नाही. आता बसच बदल.”

पूर्वी ती ईदेला तेवढी घरी यायची. आता दर महिन्याला नवा आरसा घेऊन यायची. अबाह आदल्या दिवशीच बांगडे आणून ठेवायचे. आरसा फसला की तेच उलट तिची समजूत घालायचे, आणि तिला त्यांच्या धीराचं फार कौतुक वाटायचं. परतीच्या बसमध्ये मात्र ती रडायची.

या महिन्यात बिजागऱ्या अगदी नव्या घाटाच्या होत्या. जेवणं झाल्यावर तिने चौकट अबाहंसमोर टेबलावर ठेवली आणि तिच्यात घालायची बॅटरी चार्जरमधून काढली. तेवढ्यात फोन वाजला. तेओचा होता. तिने स्पीकर लावला.

“ओसाकाचे कंपनीवाले नोकरीचं उत्तर आजच मागतायत,” तेओ म्हणाला. “तुझाच आरसा ते कारखान्यात काढणार, सगळा विभाग तुझ्या हाताखाली. असं वाढलेलं ताट पुन्हा समोर येत नाही, रोहाया.”

“साहेब, मी आधीच सांगितलंय. अबाहंना दिसल्याशिवाय मी कुठे जायची नाही.”

“अग, वर्ष होत आलं याला.”

“होऊ दे.”

“मग नाही म्हणून कळवू?”

रोहाया खिडकीबाहेर बघत राहिली. हे काम तिला हवं होतं. किती हवं होतं ते तिने अबाहंना कधी कळू दिलं नव्हतं.

“कळवा,” ती म्हणाली.

“थांब पोरी.” मागून अबाहंचा आवाज आला. “दिसतंय.”

ती वळली. अबाहंनी चौकट डोळ्यांवर चढवली होती आणि तोंड तिच्याकडे केलं होतं.

“खरंच, अबाह? हलत नाही?”

“मुळीच नाही. तोंड किती वाळलंय तुझं. कानापाशी पांढरे केस आलेत. आईवर गेलीस अगदी. त्याला हो म्हणून सांग. आणि पहिल्या पगारात आधी तो चष्मा बदल. मोडक्या दांडीला लाल दोरा गुंडाळून त्या साहेब लोकांपुढे उभी राहू नकोस.”

रोहायाला हसू आलं आणि रडूही. “साहेब, हो कळवा,” ती कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवला. अबाह अजून चौकट लावूनच बसले होते, मान ताठ करून.

डोळे पुसायला तिने चष्मा काढला. मागच्या खेपेहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी घेतलेला, नवा कोरा. दुसऱ्या हाताची मूठ तिने उघडली. बॅटरी अजून तिच्यातच होती.