आत घेतलेला फ्रॉक

"कुणाचा विश्वास बसणार नाही ताई," रंगारी म्हणाला, "पण परवा आमच्या ठकीने ताट असं चाटूनपुसून साफ केलं, की हिला वाटलं घासलेलंच आहे. तसंच उचलून फळीवर ठेवलं हिने!"

स्वमग्न मुलांच्या केंद्रात, बाहेरच्या बाकांवर बसलेले आईबाप हसले. रंगाऱ्याची बायको हसली नाही. नवऱ्याचं बोलणं निम्मं करून ऐकावं आणि उरलेलं चाळणीतून काढावं, हे ती लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती. पाण्याच्या टाकीवरून हातातला ब्रश सुटला, तेव्हा आपण जिना उतरून तो खाली येऊन झेलला, असं सांगणारा माणूस हा. तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती.

ठकी आईच्या पायाशी फरशीवर बसून सँडलचा चिकटपट्टा उघडत होती, लावत होती. चर्र. चर्र. तिला सहावं सरत आलं होतं. स्वतःचं असं ती काही बोलत नसे. ऐकलेलं बोले, पण ज्याचं त्याच्या आवाजात, खोकल्यासकट, आणि मनात येईल तेव्हा. एकदा तिने जिन्यात भंगारवाल्याची आरोळी ठोकली, तर शेजारीण फुटकी बादली घेऊन बाहेर आली होती. रंगाऱ्याच्या गोष्टींपैकी तेवढी एक खरी होती.

समोर बसलेली बाई टेलर होती. दुकानातून तशीच निघाली असावी, मापाची फीत अजून गळ्यात होती. केंद्रात ती पहिल्यांदाच आली होती. मांडीवरचा मुलगा बाटलीने दूध पीत होता. बाटलीचं वय त्याचं केव्हाच सरलं होतं.

"म्हणजे दूध अजिबात बंद?" ठकीचं पथ्य ऐकून तिने विचारलं.

"दूध बंद, गहू बंद, बिस्किटं बंद. ट्यूबलाइट काढल्या, त्या गुणगुणतात, पोरांच्या डोक्यात जातं. वासाचा साबण काढला, पडदे काढले. भिंतींचा जुना ऑइलपेंट मी स्वतः खरवडला. शिसं असतं ताई त्यात. आता घर कसं..." त्याने दोन्ही हात पसरले, "श्वास घेतं!"

घर श्वास घेत होतं की नाही कोण जाणे, घरातली माणसं मात्र भिंत श्वासात घेत होती. खरवडलेली भुकटी अंथरुणावर, भांड्यांवर, ठकीच्या केसांत बसली होती. गिऱ्हाइकाला हाच माणूस बजावायचा, आधी पोरांना दुसरीकडे हलवा; आणि भिंत ओली केल्याशिवाय हात लावायचा नाही. स्वतःच्या घरी त्याला धीर निघाला नाही. दुसरी खोलीही नव्हती.

"अहो, पण माझा हा दूध आणि पाव सोडून कशाला तोंड लावत नाही. तेच काढून घेतलं तर जगेल कशावर?"

"दोन दिवस आकांत करतात. मग पोटात कावळे ओरडले, की झक मारत खातात. भुकेपुढे कुणाची ऐट चालत नाही ताई! ठकी आता पालक खाते, भोपळा खाते. नजर ठेवावी लागते, नाहीतर भोपळ्याचा वेलसुद्धा खायची."

पुन्हा हसू. भूक लागली की पोरं खातात, हे खरंच होतं. ठकीला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. रंगाऱ्याच्या बायकोने ठकीच्या केसांतली भुकटी झटकली. बोल तरी कुणाला लावणार? बिस्किटांचा डबा पहिल्या दिवशी तिनेच उचलून शेजारी दिला होता.

टेलरबाईची नजर ठकीच्या पाठीवर थांबली.

"फ्रॉक चांगला चार बोटं आत घेतलाय हिचा. दोन्हीकडून."

"उंची वाढली ना! अशी सरसर वाढतेय, की अंगाने ओढल्यासारखी दिसते."

"उंची वाढली की फ्रॉक आखूड होतो, दादा."

फ्रॉक ठकीच्या गुडघ्यांखाली आला होता. रंगाऱ्याने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. तो बायकोकडे वळला.

"माझं खरं नाही वाटत लोकांना. तूच सांग गं. खाते की नाही?"

टेलरबाई आता तिच्याकडे बघत होती. एका हाताने मुलाची बाटली धरलेली, दुसरा पिशवीच्या तोंडाशी. एवढ्या बाकांवर तिला एका आईचा शब्द हवा होता. रंगाऱ्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून हसत होता, पण अंगठ्याच्या नखाने गुडघ्यावरचा वाळलेला रंग खरवडत होता.

"खाते," ती म्हणाली.

टेलरबाईने एकदा मान हलवली. मुलाच्या तोंडातून बाटली हळूच सोडवली आणि पिशवीत टाकली. मुलगा आधी नुसता बघत राहिला. मग त्याने टाहो फोडला.

फरशीवरची चर्र थांबली. ठकीने मान वर केली नाही. सँडलच्या पट्ट्याकडे बघत ती बोलू लागली, भुकटीने बसलेल्या, घोगऱ्या पुरुषी आवाजात.

"खा गं माझे आई. हे बघ, बिस्किट आणलंय. तुझंच आहे. कोपरा कुठे तुटलाय? नाही तुटलेला. दूधपण आणलंय. काही बंद नाही आता, सगळं चालू. एकदा तोंड उघड. तुझ्या पाया पडतो."

मग ती खोकली, बाप खोकायचा तशी. आणि तो जसा रडला होता, तशी रडली.