लग्नाचा सीन

"विधवेचं लगीन लावणार सिनेमात? आन् ते बी आमच्या चावडीम्होरं?" लालासाहेबांनी डायरेक्टरच्या हातातले कागद हिसकावले आणि धुळीत भिरकावले. "उद्या सकाळी सामान उचलायचं. न्हाईतर कॅमेरा हिरीत जाईल!"

कृष्णात, सांगलीचा तो तरुण डायरेक्टर, खाली वाकून कागद गोळा करायला लागला. त्याच्या सिनेमाची गोष्ट साधी होती. जवानाची बायको, नवरा गेल्यावर ध्यानीमनी नसताना तिचा दुसऱ्या माणसावर जीव जडतो. बास. यात पेटून उठण्यासारखं काय होतं? पण कडेगाव तालुक्यातल्या त्या गावात लालासाहेब भावकीतले थोरले, आणि त्यांना झोंबायला घरातलंच कारण होतं.

त्यांचे चुलतभाऊ आकाराम. त्यांचा एकुलता एक मुलगा जयराज फौजेत होता, चार वर्षांमागं सरहद्दीवर शहीद झाला. त्याची बायको राजेश्वरी तेव्हा अवघी सव्वीस वर्षांची. माहेरी वडूजला जाता-येता कराडच्या एसटी स्टँडवर तिची धैर्यशीलशी ओळख झाली. तो कोयनानगरच्या वीजघरात कामाला. त्याचीही बायको आजारानं गेलेली. दोघांना कळायच्या आत ते एकमेकांची वाट बघायला लागले होते.

आकाराम आणि त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, सुनेला लेक मानलेलं. आकाराम भावकीपुढं हात जोडून उभे राहिले. लालासाहेबांनी त्या धैर्यशीलचं तोंडही न बघता निकाल दिला.

"खुशाल लाव लगीन. भावकीतलं एक माणूस अक्षता टाकाय येणार न्हाई!"

आणि हीच माणसं पंधरा ऑगस्टला राजेश्वरीला शाल-श्रीफळ देऊन, शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायची. वीरपत्नी म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि घरी गेल्यावर तिनं हसायचंसुद्धा नाही. काय हा न्याय!

कोर्टात सह्या करून मोकळं व्हायचं, तर राजेश्वरीच अडून बसली. "चोरून न्हाई करणार, मामंजी," ती म्हणाली. "मी काय पाप केलंय व्हय? भावकीनं अक्षता टाकल्या तरच उभी ऱ्हाईन." म्हणजे घोडं तिथंच अडलं.

आणि आज ते आकारामसुद्धा लालासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून डायरेक्टरवर ओरडत होते.

"दादा बोलत्यात ते खरं हाय! माझ्या सुनंला मी वडूजला धाडलीया. ही थेरं तिच्या डोळ्याम्होरं नगंत."

भाऊ वठणीवर आलेला बघून लालासाहेबांना बरं वाटलं.

"दादा, विधवेचं काढून टाकतो," कृष्णात हात जोडून म्हणाला. "साधं लग्न दाखवतो. पण तुमच्यातलं अस्सल पाहिजे. आणि त्यात थोरल्या माणसाचं काम तुम्हीच करायचं."

लालासाहेबांचा हात मिशीवर गेला. सिनेमात! राग निम्म्यावर आला, पण पुरता गेला नाही. तो दुसरीकडं वळला.

"ही नवरी?" त्यांनी हिरोइनकडं, दीपालीकडं बोट केलं. "असं उघडं तोंड? आमच्यात नवरीचं नख दिसत न्हाई. पदर पार हनुवटीखाली पायजे!"

"बरं, दादा."

"आन् ह्यो भटजी? ह्याला मंगलाष्टका तरी येत्यात का?"

"नट आहे तो."

"नट! देवाम्होरं खेळ मांडलाय व्हय रं? आमचं कडेगावचं भटजी आणा. कन्यादान, होम, सप्तपदी, सगळं रीतीनं. एक जरी विधी गाळला तरी मी उठून जाईन!"

"करा बाबा," आकाराम घाईघाईनं म्हणाले. "दादा म्हणत्यात तसंच करा."

"आन् कन्यादानाला तू बस, लीलाबाईला घिऊन," लालासाहेब उदारपणे म्हणाले. "तेवढंच तुला बी काम."

रविवारी सगळी भावकी लोटली. नवे फेटे, इस्त्रीचे शर्ट, बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या पैठण्या. चार महिन्यांमागं राजेश्वरीच्या नावानं बोटं मोडणारे हेच लोक पहिल्या रांगेसाठी एकमेकांना कोपरं मारत होते. लाज कशी वाटली नाही, देव जाणे.

"अक्षता एकदाच पडणार," कृष्णातनं भोंग्यावरून सांगितलं. "परत घेता येणार नाही. मनापासून टाका."

नवरदेव म्हणून गावात कुणी न बघितलेला एक जण बोहल्यावर उभा होता. नवरी आली. पदर हनुवटीखाली, हातात हिरवा चुडा. बोहल्यावर ती थरथरत होती.

"काम झ्याक करतीया पोरगी," लालासाहेब शेजाऱ्याच्या कानात म्हणाले.

शेवटच्या मंगलाष्टकेला त्यांनी सगळ्यांच्या आधी ओंजळ रिकामी केली. मागून दोनशे माणसांनी टाकली. कन्यादान झालं, होम झाला, सप्तपदी झाली. लालासाहेब एकेक पाऊल मोजत होते. एकही चुकलं नाही.

मग पंगत बसली. लालासाहेब पहिल्या पानावर.

"बघितलंस?" ते आकारामांना म्हणाले. "ह्याला म्हंत्यात लगीन. भावकीनं अक्षता टाकल्या की ब्रह्मदेव आला तरी मोडत न्हाई!"

आकारामांचे डोळे भरून आले होते. "सगळ्यास्नी ऐकू जाईल असं सांगा की, दादा."

लालासाहेबांनी उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. सगळ्या पंगतीनं माना डोलावल्या.

"जिलबी वाढू का, दादा?"

त्यांनी मान वळवली. जीन्स घातलेली दीपाली हातात परात घेऊन उभी होती. तिच्या मागून नवरा-नवरी पाया पडायला आले, आणि नवरीनं पदर वर केला.

"आशीर्वाद द्या, थोरलं मामंजी," राजेश्वरी म्हणाली.