हुबेहूब

ऑफिसच्या मुखवटा पार्टीसाठी त्यानं म्हातारीचा रबरी मुखवटा चढवला, आईची काठी उचलली आणि खुंटीवरचा तिचा स्वेटर अंगात घातला.

"अरे, स्वेटर नको रे नेऊस," पलंगावरून आई छातीवर हात दाबत म्हणाली.

"दोन तास एकटी गारठलीस म्हणून काही मरत नाहीस. सोंगं पुरे तुझी!" त्यानं दार ओढून घेतलं.

स्टेजवर त्यानं आईचं ते रोजचं सोंग झकास वठवलं. छाती धरली, धापा टाकल्या, गुडघ्यांवर कोसळला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग थरथरता हात त्यानं स्वेटरच्या खिशात घातला.



हाताला आईच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी लागली. ती त्यानं वर धरून खुळखुळवली आणि पहिलं बक्षीस पक्कं झालं.