रुमालातले तीन फ्यूज

दयानंदने हिरवं बटण दाबलं. मशीन गप्प राहिली.

त्याने मोबाइलवर वेळ पाहिली. दहा बेचाळीस. गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त नेमका हाच होता. त्याने पुन्हा दाबलं. खांबावरच्या स्टार्टरने साधा आवाजही काढला नाही.

"आनंदराज!" तो दाराकडे तोंड करून ओरडला. "काय केलंस रे मशीनला?"

आनंदराज बाहेर सागवानाच्या फळ्यांशेजारी उन्हात उभा होता. देगलूरच्या या सॉ मिलमध्ये रंधा मशीन तो अकरा वर्षं चालवत होता. खडबडीत फळी एका बाजूने आत सरकवली की दुसऱ्या बाजूने हव्या त्या जाडीची, गुळगुळीत होऊन यायची. तेल, पट्टा, पाती, सगळं तोच बघायचा. वर्षातला एक दिवस सोडून. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची आणि त्या दिवशी त्याने आत यायचं नाही, हे पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं. का, ते कोणी उघड बोललं नव्हतं. "आज तेवढं बाहेर थांब," एवढंच. हमाल आत होते. ड्रायव्हर आत होता. उदगीरहून आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आत पेढा खात होतं.

काल संध्याकाळी तो मशीनची पाती बदलत होता. नांदेडहून धार लावून आणलेली तीन पाती. दोन बसवून झाली होती. लाकडी ठोकळ्याने उंची तपासून, नट मधून टोकांकडे एकेक करत कसले होते. तिसरं नुसतं हाताने अडकवलं होतं, तेवढ्यात दयानंदची आई केवळाबाई बादली घेऊन आली. गोमूत्र शिंपडायचं होतं.

"ऱ्हाऊ दे आता. निघ," ती म्हणाली.

"एक पातं ढिलं हाय, सांगा मालकाला."

"सांगते, सांगते."

त्याने मेन स्विच पाडला. चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसून रुमालात बांधले आणि खिशात घातले. मशीन उघडी असली की फ्यूज आपल्या खिशात, मग कोणी हसो की चिडो, हा त्याचा अकरा वर्षांचा नेम होता. जाताना स्टार्टरला प्लायवूडची पाटी अडकवली : काम अर्धं आहे, बटण दाबू नये.

आता दारातून त्याला दिसत होतं. मेन स्विच कोणीतरी वर केला होता. स्टार्टरवर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. आणि पाटी पालथी करून तिच्यावर नारळाची शकलं मांडली होती.

"फ्यूज माझ्यापाशी हायेत, मालक," तो बाहेरूनच म्हणाला. "काम अर्धं ऱ्हायलंय. काल तुमच्या आईला सांगितलं व्हतं. पाटी बी लावली व्हती."

"म्हंजे मुद्दाम केलंस. बाहेर थांबवलं त्याचा राग काढून राहिलास."

"राग काढायचा असता तर अकरा वर्षं थांबलो असतो का?"

गिऱ्हाईक हसलं. दयानंदचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"लई बोलू नको. फ्यूज आण. न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

मशीनच्या पलीकडे दयानंदची बायको वर्षाराणी कुंकवाचा करंडा घेऊन वाकली होती. दारातून तिचा हिरवा पदर तेवढा दिसत होता. "एक बी जागा सोडू नको गं," केवळाबाई तिला सांगत होती. "पाची बोटं उमटली पायजेत." मग ती दाराकडे वळली. "फ्यूज तिथूनच टाक म्हणावं त्याला. आत कशाला येतो?"

आनंदराजची कानशिलं तापली. याच मशीनच्या पोटात हात घालायला तो अकरा वर्षं चालत होता. उंबरा ओलांडायला चालत नव्हता. उद्या दसरा. उद्या पांढरा सदरा घालून विहारात जायचं होतं. परवापासून कामाला कुठं जायचं ते नंतर बघू. फ्यूज दयानंदच्या पायाशी फेकायचे, तुमचे तुम्ही बसवा म्हणायचं आणि निघायचं. पातं उडालं तर उडू दे. मालक जाणे आणि मुहूर्त जाणे.

त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. उंबरा ओलांडून तो सरळ स्टार्टरपाशी गेला. केवळाबाई अंग चोरून मागे सरली. हमालांनी वाट दिली.

त्याने रुमालाची गाठ सोडली. तिन्ही फ्यूज तळहातावर आले. दयानंदने ते घ्यायला हात पुढे केला. दुसऱ्या हाताचा अंगठा चिडून अजून हिरव्या बटणावर आपटत होता.

इथून मशीनची पलीकडची बाजू दिसत होती. आनंदराजने मूठ मिटली.

"दे ना!" दयानंद खेकसला.

"देतो. आधी वहिनींना हात बाहेर काढायला सांगा."

दयानंदने वळून पाहिलं. अंगठा बटणावरून आपोआप उचलला गेला. उघड्या झाकणाखाली, पात्यांपर्यंत गेलेला हात वर्षाराणीने हळूहळू बाहेर काढला. पाचही बोटं लाल होती. कुंकवाने.