चार नाकं आणि एक कस्टर्ड

नाकात कापसाची काडी फिरवून घ्यायला सासूबाई तयार नव्हत्या. "माझ्या नाकाची कसली चौकशी? दिवसभर जंतूंच्या संगतीत तू असतेस."

सून प्रयोगशाळेत कामाला होती. रविवारी दुपारी तिने कस्टर्ड केलं, ते रात्रीपर्यंत ओट्यावरच राहिलं, आणि जेवणानंतर दोन-तीन तासांत ती, नवरा आणि सासूबाई संडासापुढे नंबर लावून उभे होते. ठणठणीत एकटे सासरे. मधुमेहामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोड सोडलं होतं. नाकाशी चाळा करत ते आरामखुर्चीतून उपदेश करत होते, "जिभेवर ताबा असला की जंतू बिचारे काय करणार?"

सासूबाईंनी सोमवारी निकाल दिला. जंतू सुनेच्या हातून आले, तेव्हा नोकरी बंद. नवरा शहाणा होता. तो मधे पडला नाही.

"जंतू माझा निघाला तर लगेच राजीनामा देते," सून म्हणाली. "पण नाकं चौघांची तपासणार." राजीनामा ऐकून सासूबाईंनीही नाक पुढे केलं.

प्रयोगशाळेतल्या मॅडमना नव्या मशीनच्या चाचणीसाठी नमुने हवेच होते. उरलेलं कस्टर्ड आणि चार काड्या तिकडे गेल्या. अशी विषबाधा करणारा जंतू बऱ्याच जणांच्या नाकात भाडं न देता सुखाने राहतो, आणि तिथून बोटावर बसून अन्नात उतरतो. नाव एकच, पण कुळी निरनिराळी, आणि ती कळते त्याच्या डीएनएवरून. कस्टर्डातली कुळी ज्याच्या नाकात सापडेल, प्रसाद त्याचा.

शुक्रवारी संध्याकाळी सुनेने कागद उघडला. ती स्वतः: जंतूच नाही. सासूबाई: नाही. नवरा: आहे, पण कुळी वेगळी. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा. जुळली."

"पण बाबा तर कस्टर्ड खातच नाहीत," नवरा म्हणाला.

"मशीन नवीन आहे," सासरे म्हणाले. "चुकत असेल."

"तीनदा तपासलं, बाबा. तिन्ही वेळा तुम्हीच आलात."

सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. "एकदाच बोट बुडवलं," ते पुटपुटले. "तेही दुपारी, कोमट असताना."

"म्हणजे पेरलंत तुम्ही," नवरा म्हणाला, "आणि रात्री पीक आम्ही खाल्लं."

सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, कपाटाचं दार वाजलं, आणि त्या अर्धी रिकामी जॅमची बाटली घेऊन आल्या. ती त्यांनी सुनेच्या हातात दिली.

"उद्या कामावर जाताना हीपण घेऊन जा. दोन वर्षं मी तुझ्या नवऱ्यावर आळ घेतेय."