भिंतीपलीकडची काठी

परमुलखातून आलेल्या पाववाल्याने गल्लीत भट्टी टाकली, तेव्हापासून पहाटे पीठ मळायचं मशीन सुरू झालं की शेजारची म्हातारी भिंतीवर काठी आपटायची. आपण इथं कोणालाच नको आहोत, हे त्याने त्या काठीवरूनच ओळखलं होतं. परवा कोणीतरी दुकानाची काच फोडून दारावर काळ्या रंगाने लिहिलं, 'चालते व्हा.' त्याचा धीरच सुटला. आज मशीन न लावता नवराबायको सामान बांधायला बसले.

उन्हं वर आल्यावर म्हातारी विस्कटल्या केसांनी दारात येऊन उभी राहिली.

"आज मशीनला काय धाड भरलीय?"

"आम्ही चाललो, आजी. आता झोपा निवांत."

"झोपलेच ना मेली. औषधाची वेळ टळून गेली. त्या खडखडाटानेच तर जाग येते मला."

"मग काठी कशाला आपटता?"

"उठले म्हणून सांगायला. एकटं माणूस मी, कोणाला तरी कळायला नको?"

पाववाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने गाठोडं सोडायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मशीन लावलं आणि दोघंही पिठाचे हात तसेच धरून भिंतीकडे कान देऊन उभे राहिले. काठी वाजली तशी बायको म्हणाली, "उठल्या आजी," आणि कामाला लागली.