कानिफचा सदरा

पुणतांब्याच्या घाटावर जुळ्या भावांच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. कॅमेरामननं काळ्या पुठ्ठ्यानं अर्धं भिंग झाकलं, एकाच नटाला आधी डावीकडे बसवलं, मग फिल्म मागे फिरवून, पुठ्ठा सरकवून उजवीकडे. "पडद्यावर दोघं शेजारी दिसतील," तो गर्दीला म्हणाला. साळूबाई आपल्या तरण्या लेकाला, मच्छिंद्रला घेऊन पुढे आली. "ह्याचा जुळा भाऊ कानिफ औंदा हितंच बुडाला. दोघांचा येकबी फोटू न्हाई, दादा." कॅमेरामननं उरलेली फिल्म चढवली. मच्छिंद्र डावीकडे बसला. मग फिल्म मागे फिरली. साळूबाईनं पिशवीतून कानिफचा निळा सदरा काढला, मच्छिंद्रच्या अंगात घातला, भांग उलटा पाडला आणि त्याला उजवीकडे बसवलं. "झालं, मावशी," कॅमेरामन म्हणाला. मच्छिंद्र सदऱ्याची बटणं सोडू लागला. तिनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे अंगात, कानिफ." मच्छिंद्रनं गळ्यापर्यंत सगळी बटणं परत लावली.